व्हाइट रिमबद्दल थोडी भर

अमेरिकेच्या युटा राज्यातील मोआब गावाजवळ चार दिवस तंबूत राहून सायकल आणि पायी भटकंती दोन्ही साधतील का, असे आपण विचारले आहे. त्यासाठी मला कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानातील व्हाइट रिम रस्ता सर्वांत योग्य वाटतो. सुमारे १६० किलोमीटरच्या या कच्च्या रस्त्यावर पिण्याचे पाणी कोठेही मिळत नाही, त्यामुळे माणशी रोज किमान चार लिटर, आणि सायकल चालवणाऱ्यांसाठी त्याहूनही जास्त पाणी सोबतच्या गाडीत आधीच भरून घ्यावे लागते. मुक्कामाचा परवाना आगाऊ काढावा. पायवाटांवर सायकलला बंदी आहे, म्हणून ती तळावर ठेवून चालत फिरावे.

एक कळकळीची विनंती आहे. रस्त्याच्या कडेला काळपट, खडबडीत, इवल्या बुरुजांसारखी उंचावलेली माती दिसेल. ती सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफूल यांनी विणलेली जिवंत साय असून तीच वाळू धरून ठेवते, आणि चाकाखाली एकदा चिरडली की पूर्ववत व्हायला अनेक दशके लागू शकतात. फोटोसाठीसुद्धा तिच्यावर पाय ठेवू नका. रस्ता सोडावाच लागला तर उघड्या खडकावरून किंवा ओढ्याच्या कोरड्या पात्रातून चालावे.