मदत हवी आहे : नातीला केर-फरशीच्या कामात सोबत घ्यायचे आहे, पण ते नेमके कसे जमवावे?

नमस्कार. मी सोलापुरात राहणारा, टॉवेलच्या एका कारखान्यातून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेला त्रेसष्ट वर्षांचा गृहस्थ आहे. मुलगा आणि सून दोघेही सकाळी साडेनऊच्या आत नोकरीसाठी बाहेर पडतात, आणि दिवाळीनंतर पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून केर काढणे, फरशी पुसणे आणि नळाचे पाणी भरणे ही कामे माझ्याकडे आली आहेत. ती मी जन्मात कधी केली नव्हती, हे कबूल करतो. एकवीस महिन्यांची नात माझ्या आधी शिकेल, अशी पत्नीची खात्री आहे.

प्रश्न या नातीविषयीच आहे. मी केरसुणी हातात घेतली की ती हातातले खेळणे टाकून येते, माझ्याशेजारी उकिडवी बसते आणि मी जे करीन ते करू पाहते. आमच्याकडे सकाळी कडक भाकरी आणि शेंगाचटणी असते, त्यामुळे शहाबादी फरशीवर चुरा आणि चटणीचे तेलकट डाग रोज ठरलेले. गेल्या आठवड्यात तिने टॉवेलच्या सेकंड मालातला एक जुना नॅपकिन ओढून आणला आणि एकाच डागावर बराच वेळ गोल गोल हात फिरवला. वीतभर जागेतला डाग हातभर पसरला. तिचे झाल्यावर मी तीच जागा ओल्या फडक्याने पुन्हा पुसून घेतली. ती उभी राहून पाहत होती. मग तिने स्वतःच्या हातातला नॅपकिन माझ्या मांडीवर आणून ठेवला आणि आत निघून गेली. पुढचे दोन दिवस तिने फडक्याला हात लावला नाही.

तेव्हापासून मी अडचणीत आहे. तिने केलेले तसेच ठेवावे तर मुंग्या लागतात, आणि तिच्यासमोर पुन्हा करावे तर तिचे काम मोडीत काढल्यासारखे होते. त्यातच पत्नी तिला प्रत्येक कामामागे राजगिऱ्याची वडी देते, ते मला पटत नाही. मात्र न पटण्याचे कारण मला नीट सांगता येत नाही. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशी पिंप, बादल्या, कळश्या यांची एकच धांदल असते, आणि नेमकी त्याच वेळी तिला मदत करण्याची सर्वांत जास्त हौस असते. शिवाय पुढच्या महिन्यात मुलगी आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन राहायला येणार आहे. रांगते बाळ घरात असताना हे सगळे कसे सांभाळावे? या वयाच्या मुलांना घरकामात ज्यांनी सोबत घेतले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. (लहान मूल केर काढू लागले की पाहुणे येतात, हे पत्नीने आधीच सांगितले आहे, तेवढे सोडून.)

प्रतिसाद १

नमस्कार. मी बालवाडीत सत्तावीस वर्षे काम केले आहे. नातीने नॅपकिन मांडीवर ठेवला याचा अर्थ तुम्ही बरोबर लावला आहे, असे मला वाटते. या वयाच्या मुलाला पुसण्याची क्रिया हवी असते. फरशी स्वच्छ झाली की नाही, हा हिशेब मोठ्यांचा. म्हणून तिचे झाल्यावर लगेच तीच जागा पुसू नका. चटणीचे डाग आधी तुम्ही काढा आणि शेवटचा हात तिला फिरवू द्या. काही राहिलेच तर ती दुपारी झोपल्यावर पाहा.

केरासाठी आम्ही एक सोपी युक्ती वापरत असू. फरशीवर खडूने वीतभर लांबी-रुंदीचा चौकोन काढायचा आणि केर त्या चौकोनात आणायचा. ‘सगळी खोली झाड’ म्हटलेले एवढ्याशा मुलाला कळत नाही, पण ‘चौकोनात आण’ हे दोन-चार वेळा करून दाखवले की कळते. केर सुपलीत भरून झाला की तो खडूचा चौकोन पुसण्याचे काम तिला द्या. शहाबादी फरशीवर खडू ठळक उठतो आणि ओल्या फडक्याने लगेच जातो, त्यामुळे आपण पुसले म्हणजे काहीतरी गेले, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

साधने खरी आणि तिच्या मापाची असू द्यावीत. खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या झाडूने केर निघत नाही, आणि ते मुलाला लगेच समजते. जुन्या कुंच्याचा दांडा कापून टोक घासून घ्या. नॅपकिन तिच्या दोन्ही तळहातांखाली मावेल एवढा कापा आणि तुम्हीच घट्ट पिळून द्या. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले, तेथेही झाडणे, पुसणे, धुणे ही कामे शिक्षणाचाच भाग होती. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि त्यांनी व अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी आसपास मिळणाऱ्या वस्तूंवर भर दिला. तेव्हा यासाठी बाजारातून काही विकत आणण्याची गरज नाही.

प्रतिसाद २

काका, मी जुळे सोलापुरात राहते आणि माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. खडू आणि कुंचा यांच्या आधी पाण्याचे पाहा, अशी हात जोडून विनंती आहे. या वयाच्या मुलांचे डोके अंगाच्या मानाने जड असते. बादलीत वाकून पाहताना तोल गेला तर ती डोक्यावर आत पडतात आणि त्यांना स्वतःहून बाहेर येता येत नाही. त्यासाठी बादली भरलेली असावी लागत नाही, तळाशी चार बोटे पाणी पुरते, आणि बहुतेक वेळा आवाजसुद्धा होत नाही. म्हणून फरशी पुसून झाली की बादली त्याच पावली मोरीत ओतून पालथी घालावी. पिंपाच्या झाकणावर दगड ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण उद्या तोच दगड ओढून मूल पायावर पाडून घेईल. कडीने आवळले जाणारे झाकण हवे. डेंग्यूच्या डासांसाठीही तेच बरे, आणि आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून, आतून घासून कोरडे ठेवणे तर आवश्यकच आहे.

नळाच्या दिवशी तिला पाण्यापासून दूरचे काम द्या. आमच्याकडे त्या वेळी मुलगा आजीसमोर बसून मोज्यांच्या जोड्या लावतो. त्या जोड्या कशा लागतात ते विचारू नका, पण अर्धा तास शांततेत जातो.

दुसरी गोष्ट फिनेलची. दारावर सुटे फिनेल घेऊन ते थंड पेयाच्या बाटलीत ठेवण्याची सवय आमच्याही घरात होती, ती आधी बंद केली. मुलाला बाटलीचा आकार ओळखीचा असतो, आतले काय ते कळत नाही. चुकून पोटात गेलेच तर उलटी करवू नये. बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे. संडासाचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या मुलांना पेपरमिंटसारख्या दिसतात, आणि पोटात गेल्यास रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. मुलाच्या हातातल्या फडक्याला फक्त साधे पाणी असावे.

प्रतिसाद ३

वडीबद्दल थोडेसे. जर्मनीतील लाइपझिग येथील संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दीड वर्षाच्या २४ मुलांपैकी २२ मुलांनी, कोणी न सांगता आणि बक्षीस नसताना, अनोळखी मोठ्या माणसाला निदान एकदा तरी मदत केली, जसे की हातातून पडलेली वस्तू उचलून देणे. त्याच संशोधकांच्या २००८ सालच्या प्रयोगात, मदतीबद्दल वस्तू मिळालेली वीस महिन्यांची मुले पुढच्या वेळी, काहीच न मिळालेल्या मुलांपेक्षा कमी मदत करताना दिसली. तेव्हा तुमचे न पटणे निराधार नाही. काकूंना वडी द्यायची असेल तर ती चारच्या खाण्यात द्यावी, कामाच्या बदल्यात देऊ नये.

आठ महिन्यांच्या बाळाकडून कामाची अपेक्षा अर्थातच नसते. त्याला पाठीला आधार देऊन जवळ बसवावे, हातात धुतलेला कोरडा नॅपकिन द्यावा आणि आपण काय करतो आहोत ते बोलत राहावे. नॅपकिन तोंडात जाणारच, म्हणून तो केराच्या कामाचा नसावा. फरशी ओली असेपर्यंत मात्र त्याला खाली सोडू नये, आणि बटणे, शेंगदाणे, नाणी असे काही खाली राहिले नाही ना, हे तुम्ही स्वतः जमिनीवर हात टेकून त्याच्या उंचीवरून पाहावे.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. बाईंनी सांगितलेला चौकोन सोमवारी करून पाहिला. पहिल्या दिवशी नातीने केर चौकोनात आणण्याऐवजी चौकोनातला केर बाहेर नेला. मी काही बोललो नाही. बुधवारी भाकरीचा चुरा चौकोनात आला, निदान बराचसा. मी सुपली धरली, आणि नंतर तिने खडूच्या चारही रेघा एकेक करून पुसल्या. चौथी रेघ पुसून झाल्यावर तिने खडू माझ्या हातात दिला आणि फरशीकडे बोट दाखवले, त्यामुळे आणखी तीन चौकोन काढावे लागले. खडू तोंडात जातो, म्हणून तो आता माझ्या खिशात असतो.

सुट्ट्या फिनेलची बाटली टाकून दिली. पत्नीने वडी चार वाजता देण्याचे मान्य केले आहे, पण अगदी मनापासून नव्हे.

आता एकच अडचण उरली आहे. आमचे पिंप दोनशे लिटरचे, निळ्या प्लॅस्टिकचे आणि जुने आहे. त्याची लोखंडी कडी केव्हाच हरवली असून झाकण नुसते वर टेकवलेले असते. अशी कडी किंवा कडीसह झाकण सोलापुरात सुटे कोठे मिळते, हे कोणाला ठाऊक असल्यास कृपया सांगावे. पुढचा नळ शुक्रवारी आहे, आणि तोपर्यंत पिंप असलेल्या मागच्या खोलीला बाहेरून कडी घालून ठेवली आहे.