ऊद जाळायचा, शेकायचा की ऐकायचा?

एका जपानी शब्दासाठी मराठी शब्द हवा आहे. शब्द आहे 'मोन्को'. अनुवाद करतेय आणि तीन दिवस एकाच वाक्यापाशी अडून बसलेय.

आधी प्रसंग सांगते, म्हणजे शब्द कशाला हवा ते कळेल. क्योतोमध्ये एकदा कोदोच्या बैठकीला बसायला मिळालं होतं. कोदो म्हणजे सुगंधाची साधना. चहाचा विधी आणि फुलांची रचना यांच्या जोडीनेच जपानमध्ये तिचं नाव घेतात. मुठीत मावेल असा चिनीमातीचा पेला आणि त्यात चाळलेली मऊ राख. राखेच्या पोटात एक फुललेला कोळसा पुरलेला असतो, वरून तो दिसतसुद्धा नाही. राख चहूबाजूंनी हलकेच दाबून तिचा डोंगर करतात आणि शेंड्यातून कोळशापर्यंत एक बारीक भोक पाडतात, धगीला वर यायला वाट म्हणून. भोकावर अभ्रकाचा चौकोनी पातळ तुकडा, त्याला चांदीची कड. त्याच्यावर अगरू या सुगंधी लाकडाची कपची, ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढी. ती पेटत नाही. धूर येत नाही, आलाच तर मांडणी चुकली असं समजतात.

पेला डाव्या तळव्यावर घ्यायचा, उजव्या हाताचा त्यावर घुमट करायचा आणि अंगठ्याजवळच्या फटीतून तीनदा श्वास घ्यायचा. श्वास सोडताना तोंड बाजूला. पहिल्या श्वासात मला काहीच आलं नाही. दुसऱ्यात उसाच्या चिपाडाचा ओला गोडवा आला. तिसऱ्यात तो गेला आणि त्याच्या मागे उभं असलेलं काहीतरी कडवट, गार, जुन्या सागवानी कपाटाचं दार उघडल्यासारखं, पुढे आलं. तेवढ्यात पेला शेजारच्या बाईंकडे द्यायची वेळ झाली.

तिथे कुणी 'वास घेतला' म्हणत नाही. वास घेण्यासाठी जपानीत 'कागु' हे क्रियापद आहे, पण या बैठकीत ते चालत नाही. तिथे सुगंध 'ऐकतात'. 'मोन्'मध्ये ऐकणं आहे आणि 'को' म्हणजे सुगंध.

तर अडचणी दोन. एक, कपचीला आपण जे करतो त्याला काय म्हणायचं? 'जाळणे' साफ चूक. 'धुपवणे' आणि 'धुरी देणे' यांत धूर आलाच. 'तापवणे' म्हटलं की लोखंड नाहीतर दूध डोळ्यांसमोर येतं. दोन, 'ऐकणे' तसंच ठेवलं तर वाचकाला छपाईची चूक वाटेल, आणि 'हुंगणे' लिहिलं तर सगळं मातीत जाईल.

रत्नागिरीहून

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. श्रीखंडात केशर घालण्याआधी काय करता? लोखंडी पळी जरा गरम करायची, खाली उतरवायची आणि मग तिच्यात केशराच्या काड्या टाकायच्या. काडी कुरकुरीत व्हायला हवी, पण काळी पडता कामा नये. माझी आजी याला 'केशर शेकून घे' म्हणायची. जाळ नाही, धूर नाही, नुसती ऊब लागून आतला वास सुटा होतो. तुमची अभ्रकावरची कपची याहून वेगळं काय करते?

'शेकणे' या शब्दात आच आणि जिनसेच्या मधलं अंतर आहे. शेकोटीशी आपण शेकतो ते आगीत जाऊन नव्हे. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात तोही शेकच, आणि त्याच शेगडीवर ओवा टाकला की तिची धुरी होते. दोन्ही शब्द एकाच शेगडीपाशी उभे आहेत आणि बायका त्यांत कधी गल्लत करत नाहीत. तुम्ही खुशाल 'अगरू शेकणे' लिहा.

नागपूरहून

शेकणे मान्य. पण 'अगरू' लिहिणार की 'ऊद', हे आधी ठरवा, कारण या झाडाच्या नावांतच त्याची सगळी कथा दडलेली आहे.

अगरूचं निरोगी लाकूड फिकट, हलकं आणि बिनवासाचं असतं. खोडाला जखम झाली, बुरशी शिरली की झाड स्वतःला वाचवायला तिथे गडद राळ भरतं. ती राळ मुरलेला भाग म्हणजे अगरू. हे फार थोड्या झाडांत होतं, म्हणून तर किंमत. आता अमरकोशातली नावं बघा: राजार्ह, लोह, कृमिज. राजाला शोभणारं ते राजार्ह हे उघड आहे. लोह, कारण ते काळं आणि जड. आणि कृमिज, म्हणजे किड्यापासून जन्मलेलं! जखम आणि कीड यांच्याशी या सुगंधाचा संबंध आहे हे कोशकाराच्या काळीही माहीत होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

'अगुरु'ची फोड 'जे गुरु नाही, जड नाही ते' अशी करतात, पण उत्तम अगरू पाण्यात बुडतं. जपानी लोक त्याला 'जिन्को' म्हणतात, त्याचा अर्थच बुडणारा सुगंध. म्हणजे संस्कृत फोड बिनराळेच्या लाकडाचं वर्णन करते आणि जपानी नाव राळेचं. ही फोड मागाहून जुळवलेली असावी असं माझं मत आहे, कारण तमिळमध्ये याच लाकडाला 'अकिल' म्हणतात आणि शब्द दक्षिणेतून वर आला असणं जास्त पटतं.

आणि 'ऊद'. अरबीत 'ऊद' म्हणजे मुळात लाकूड, काठी, आणि मग हे सुगंधी लाकूड. हिंदीने 'अगरबत्ती' ठेवली, आपण 'उदबत्ती' म्हणतो. दोन्ही नावांत झाड एकच, आणि आजच्या बहुतेक काड्यांत ते झाड औषधालाही नसतं. पूजेच्या दुकानात ऊद मागितला तर आपल्याकडे राळेचा खडा पुड्यात बांधून देतात, लाकूड नाही. म्हणून लेखात 'अगरू'च ठेवा. 'ऊद' लिहिलंत तर मराठी वाचक थेट गुरुवारच्या धुपाटण्यापाशी पोचेल.

मस्कतहून

इथे रोज ऊद बघतो म्हणून थोडी भर घालतो. आखातात कपची सरळ पेटत्या कोळशावर ठेवतात आणि धूर हवाच असतो. मब्खरा, म्हणजे इकडचं धुपाटणं, पाहुण्यांमध्ये फिरवतात. लोक तो धूर दाढीत, बाह्यांत, डोक्यावरच्या रुमालात भरून घेतात. मब्खरा आला की बैठक संपली. म्हणच आहे, 'मा बाद अल्-ऊद कुऊद', उदानंतर बसणं नाही. तेव्हा 'ऊद जाळणे' हा प्रयोग चुकीचा नाही, तो फक्त या प्रथेचा आहे. एकाच लाकडाच्या दोन रीती आहेत आणि क्रियापदंही दोन लागतील.

शिवाय ताईंसाठी एक गोष्ट. अरबीत ऊद हे तंतुवाद्याचंही नाव आहे, त्याच 'लाकूड' या अर्थावरून. युरोपातलं ल्यूट नावाचं वाद्य आणि त्याचं नाव तिथूनच गेलं. त्यामुळे 'मी ऊद ऐकला' हे वाक्य इथे कुणालाच खटकणार नाही.

मूळ प्रश्न विचारणारी

केशराचं उदाहरण वाचून मी उठून पळी गॅसवर ठेवली. खरंच, तोच क्षण आहे तो: वास सुटतो आणि अजून काहीही करपलेलं नसतं. 'शेकणे' पक्कं. 'अगरू'सुद्धा पक्कं. आता 'ऐकणे' राहिलं.

साताऱ्याहून

ऐकण्याबद्दल घाबरू नका. मराठी वाचकाला एका इंद्रियाचं काम दुसऱ्याने केलेलं नवं नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउली आपल्या बोलांविषयी सांगतात, 'श्रवणींचि होति जिभा'. कानांनाच जिभा फुटतात. पुढे म्हणतात, शब्द हा खरा कानाचा विषय, पण जीभ म्हणते हा रस माझा, आणि नाकाला वाटतं हा परिमळच होईल. इंद्रियांचं आपापसात भांडण लागतं. तिथे बोलाचा परिमळ होतो, तुमच्याकडे परिमळाचा बोल होतोय. रस्ता तोच, फक्त उलट दिशेने चालायचं.

तरी नुसतं 'ऐकणे' मला थोडं उघडं वाटतं. 'मी बातम्या ऐकल्या'सारखं, जे आपोआप कानावर पडतं ते. तुमच्या वर्णनात पहिल्या श्वासाला काहीच आलं नव्हतं. तुम्ही थांबलात, श्वास धरलात, मग ते आलं. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: कानोसा घेणे. पहाटे जाग आली की अंथरुणातूनच पावसाचा कानोसा घेतो ना, पडतोय की थांबला? तसा गंधाचा कानोसा.

बेळगावहून

कानोसा सुंदर आहे, पण माझी हरकत नोंदवते. कानोसा चोर घेतो. सासू दाराआडून घेते. त्या शब्दाला लपून ऐकण्याची छटा आहे. चारचौघांत, नमस्कार करून, दोन्ही हातांनी पेला घेण्याच्या रीतीला तो शोभेल का? त्यापेक्षा 'चाहूल' बघा. 'गंधाची चाहूल लागणे'. येणाऱ्याचं पाऊल अजून दारात नाही, पण कळलंय.

साताऱ्याहून

ताई, चाहूल लागते, घेतली जात नाही. तिच्यात माणूस काही करत नाही. कोदोत तर सगळी मेहनत घेण्यातच आहे. चोराची छटा आहे हे कबूल, पण आईसुद्धा पाळण्यातल्या बाळाच्या श्वासाचा कानोसा घेते.

कोबेहून

इथे बारा वर्षं राहतोय, म्हणून अक्षराबद्दल सांगतो. 'मोन्'साठी जी चित्रलिपीतली खूण आहे, तिच्यात बाहेर दाराच्या दोन फळ्या आहेत आणि मध्ये कान. दाराचा भाग खरं तर उच्चार सांगण्यासाठी घातलेला आहे, अर्थासाठी नाही. पण डोळ्यांना दिसतं ते हेच: दाराच्या फटीत ठेवलेला कान. बेळगावच्या ताईंची हरकत वाचली आणि ती खूणच समोर आली. त्या अक्षरानेही दाराशी उभं राहायला लाज मानलेली नाही!

दुसरं म्हणजे, ही खूण 'किकु' या क्रियापदालाही वापरतात आणि किकुचा अर्थ ऐकणे तसा विचारणेही. जुनी मंडळी म्हणतात की लाकडाला विचारायचं आणि ते काय सांगतं ते ऐकायचं. चिनी भाषेत तर हेच अक्षर आज वास घेण्यासाठी रोज वापरतात, ऐकण्यासाठी दुसरं आहे. म्हणजे कान आणि नाक यांची अदलाबदल जपान्यांनी एकट्यांनी केलेली नाही.

कोदोतल्या शब्दांत आपलेही शब्द सापडतात म्हणून थोडं लांबवतो. अगरूचे सहा प्रकार मानतात आणि त्यांना बहुतेक देशांची किंवा बंदरांची नावं आहेत. 'सुमोतारा' म्हणजे सुमात्रा हे उघड आहे, 'मानाका' मलाक्काशी जोडतात आणि 'मानाबान'चा संबंध मलबारशी लावतात. सर्वांत वरचा प्रकार 'क्यारा'. त्याचं मूळ कोश संस्कृतातच शोधतात, कुणी 'कालागुरु' म्हणतं, कुणी 'तगर'. वासाचं वर्णन मात्र चवींनी करतात: गोड, आंबट, तिखट, खारट, कडू. म्हणजे कानाने ऐकायचं आणि जिभेच्या शब्दांत सांगायचं. साताऱ्याच्या काकांनी सांगितलेलं इंद्रियांचं भांडण इथे रोज चालतं.

एक नाव तर शब्दचर्चेत यायलाच हवं. नारा इथल्या शोसोइन या राजभांडारात अगरूचा एक ओंडका आहे, 156 सेंटिमीटर लांब, 11.6 किलो वजनाचा. त्याचं नाव 'रांजाताइ'. हे नाव लिहिताना जी तीन अक्षरं वापरतात, त्या प्रत्येकाच्या पोटात एकेक लहान अक्षर दडलेलं आहे आणि ती तिन्ही एकापुढे एक वाचली की होतं 'तोदाइजी', म्हणजे ज्या मंदिराचं ते भांडार मुळात होतं त्याचंच नाव. लाकडात राळ लपलेली तसं नावात नाव. ओंडक्यावर कपच्या काढल्याच्या तीन जागी चिठ्ठ्या लावल्यात: शोगुन आशिकागा योशिमासा, 1574 मध्ये सरदार ओदा नोबुनागा, 1877 मध्ये सम्राट मेइजी. एवढ्या मोठ्या माणसांनीसुद्धा बोटभर तुकडाच घेतला.

बेळगावहून

दारातल्या कानापुढे माझी हरकत मागे घेते. पण एक विनंती, लेखात प्रत्येक ठिकाणी 'कानोसा' नको. एकदा वापरा, अर्थ मुरू द्या आणि मग साधं 'ऐकणे'च चालू ठेवा. कानोसा हा जपून खर्चायचा शब्द आहे.

मूळ प्रश्न विचारणारी

पटलं, तसंच करते. 'मोन्को' हा शब्द पहिल्या उल्लेखात ठेवणार, लगेच पुढे 'गंधाचा कानोसा', आणि त्यानंतर सगळीकडे 'ऐकणे'. जिथे आखाताचा उल्लेख आहे तिथे 'ऊद जाळतात' तसंच राहील, मस्कतच्या दादांचं बरोबर आहे.

अडलेलं वाक्य आता असं झालंय, चुकत असेल तर सांगा:

'राखेत पुरलेल्या निखाऱ्याच्या धगीवर अगरूची कपची शेकत ठेवतात, आणि पेला हातोहात फिरत असताना प्रत्येक जण तीन श्वासांपुरता गंधाचा कानोसा घेतो.'

रत्नागिरीहून

'शेकत ठेवतात' छान. फक्त 'धगीवर'च्या जागी 'उबेवर' करा. धग तोंडाला लागते, ऊब तळव्याला.