'हार्मोनची गोळी' म्हणजे नेमकी कोणती?

आशाताई, हिंगणघाट तालुका: गावातल्या एका बाईच्या छातीच्या गाठीची केमो संपली. आता टॅमॉक्सिफेन सुरू केली आहे, आणि दवाखान्यात तिला 'हार्मोनची गोळी' म्हणतात. आमच्याकडं हार्मोनची गोळी म्हणजे माला-एन. सासू मला विचारते, "हे तं पोरं न होवाची गोयी हाय, मंग हिले काहून देली?" मराठीत वेगळा शब्द आहे का?

वर्धेचे मास्तर: हार्मोनला 'संप्रेरक' म्हणतात, म्हणून हे झाले 'संप्रेरक उपचार'. पण त्यानं घोळ सुटत नाही. माला-एन घेतली की इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरकच पोटात जातं. टॅमॉक्सिफेन गाठीच्या पेशीतली इस्ट्रोजेनची जागा आधीच अडवून बसते. दोन्हींचं काम उलटं! मी 'संप्रेरकरोधक' म्हणेन.

नर्स, सेवाग्राम: मास्तर, शब्द बरा आहे, पण पुरता खरा नाही. टॅमॉक्सिफेन स्तनात रोधक असली, तरी गर्भाशयाच्या अस्तरावर इस्ट्रोजेनसारखीच वागते. म्हणून पाळी कायमची गेलेल्या बाईला अंगावरून लाल गेलं, तर लगेच दाखवायला सांगतो. लेट्रोझोल आणखी निराळी, ती इस्ट्रोजेन बनूच देत नाही. वॉर्डात मी सरळ 'गाठीचा चारा तोडणारी गोळी' म्हणते.

आशाताई: चारा पटला, सासूलाही पटेल. पण मग केमोसंगंच का नाही दिली? लवकर उरकलं असतं.

नर्स, सेवाग्राम: केमोचा मारा मुख्यतः भराभर विभागणाऱ्या पेशींवर असतो. टॅमॉक्सिफेन विभागणी मंदावते, आणि मंद पेशी केमोच्या तावडीत कमी सापडते. पाळी गेलेल्या बायकांवरच्या एका अमेरिकी चाचणीत (निकाल २००९) दोन्ही एकत्र देण्यापेक्षा केमोनंतर टॅमॉक्सिफेन देणं सरस ठरण्याकडे कल दिसला. ऑपरेशनआधीच्या केमोनं गाठ पुरती नाहीशी होण्याचं प्रमाणही ईआर पॉझिटिव्हमध्ये, म्हणजे पेशीत इस्ट्रोजेनची जागा असलेल्या गाठीत, निगेटिव्हपेक्षा कमी असतं. म्हणून ती गाठ जास्त वाईट असं नाही, तिच्यासाठी गोळीचा इलाज आहे, सहसा ५ ते १० वर्षं.

मास्तर: मग 'पॉझिटिव्ह' हा शब्दच आधी बदला! करोनापासून तो ऐकला की घरचे हादरतात. 'इस्ट्रोजेन-ग्राही आहेत' असं लिहिलं तर?

नर्स, सेवाग्राम: रिपोर्टात चालेल, ओट्यावर नाही चालणार. तिथं 'गोळी लागू पडणारी गाठ' म्हणा.

आशाताई: तिची पाळी केमोतच थांबली. आता दिवस राहायची भीती नाही ना?

नर्स, सेवाग्राम: ताई, हे धरून चालू नका. केमोनं अंडाशय मंदावतात, पण बऱ्याच जणींची, विशेषतः तरुण बायकांची, पाळी परत येते. टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भ राहिला तर बाळाला धोका असतो. माला-एन तिला द्यायची नाही. तांबीचं डॉक्टरांना विचारा. आणि तुमच्या वहीत 'हार्मोनची गोळी' लिहू नका, औषधाचं नावच लिहा.