लाकडी ओटा: कुठलं लाकूड घ्यावं?

नमस्कार मंडळी,
किचन नवीन करतोय. ह्यावेळी ओट्याला दगड नको, सॉलिड वुडच हवं असं आमचं दोघांचं ठरलंय. ओक, बीच, अक्रोड आणि इरोको (आफ्रिकेतलं लाकूड) अशी चार सॅम्पल्स आणून ठेवलीत. मला अक्रोडच आवडलंय पण जो तो म्हणतो मऊ असतं, चरे पडतील. कोणी वापरलं असेल तर खरं काय ते सांगा, माहितीपत्रकातलं नको.

---

ताई, कडकपणाच्या फार मागे लागू नका. अक्रोड मऊ आहे हे खरं, जान्का चाचणीत (लाकडात पोलादी गोळी दाबायला किती जोर लागतो ते मोजतात) काळं अक्रोड साधारण १०१० पाउंड आणि व्हाइट ओक १३६० च्या आसपास, पण चरे काय, काचकागद मारून तेल लावलं की जातात, सॉलिड लाकडाचा तोच तर फायदा. ओट्याची वाट लागते ती पाण्याने. म्हणून आधी सिंक कुठे येतंय ते बघा आणि मग लाकूड ठरवा.

बीच कडक आहे, दिसायलाही छान, पण दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, आणि नळाच्या मागे पाणी साचत राहिलं की काळं पडतं, सिंकपाशी मी तरी घेणार नाही. ओक बरं, पण त्यात टॅनिन (लोखंड लागलं की काळं पडणारं तुरट द्रव्य) असतं त्यामुळे ओल्या ओट्यावर लोखंडी तवा रात्रभर राहिला की सकाळी खाली निळसर काळं वर्तुळ, नुसतं घासून जात नाही ते. इरोको आणि सागाच्या अंगातच तेल असतं, पाण्याला तेच जास्त टिकतात. इरोको सुरुवातीला पिवळट दिसतं पण उजेडाने तपकिरी होत जातं, तेव्हा सॅम्पलच्या रंगावर जाऊ नका. अक्रोडाचं उलटं, ते उन्हात फिकं पडतं.

---

काका, अगदी बरोबर, पण मी म्हणेन सिंकच्या बाजूला दगडच ठेवा आणि कोरड्या बाजूला अक्रोड लावा की हौसेने! लाकूड म्हणजे घरात अजून एक लहान मूल, सारखं पुसा, सारखं तेल लावा, आमच्याच्याने नाही झालं असतं.

---

दोघांचेही आभार 🙏 दगड-लाकूड एकत्र ही आयडिया ह्यांना पटलीय. पण तेल किती वेळा लावायचं? आणि बसवताना सुताराला काय सांगू?

---

ताई, तेलाला तारीख नसते. ओट्यावर पाण्याचे चार थेंब टाका, मोत्यासारखे उभे राहिले तर ठीक, पसरून लाकूड गडद झालं की तेलाची वेळ झाली. सुरुवातीला मात्र पातळ पातळ तीन-चार हात द्या, आणि बसवायच्या आधी खालच्या बाजूलाही. एकाच बाजूला तेल असलं की दोन्ही बाजू ओल वेगवेगळी घेतात आणि फळी वाकते. कापलेल्या कडांना तर डबल, कारण लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते तिथूनच.

सुताराला एवढंच बजावा की ओटा खाली घट्ट आवळून टाकायचा नाही. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही पण रुंदीत हलतं, ६० सेंटीमीटरच्या ओट्यात ऋतूप्रमाणे काही मिलिमीटरचा फरक सहज पडतो. म्हणून स्क्रूची भोकं लांबट हवीत आणि भिंतीकडे फट हवी, ती मागच्या टाइलखाली झाकली जाते. स्क्रू गच्च पिळले तर भेग पडणार म्हणजे पडणार, मग लाकूड कुठलंही असो. डिशवॉशर असेल तर त्याच्या वर, ओट्याच्या खालच्या अंगाला, फॉइलचा थर मारून घ्या, वाफ थेट लाकडात जाते.

आणि हो, जवसाचं तेल किंवा ते असलेलं कुठलंही पॉलिश लावलं तर ती फडकी गोळा करून डब्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. बाहेर एकेक सुटी पसरून पूर्ण वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.