सोबत फिरा, पण गाड्या वेगळ्या ठेवा

निवृत्तीनंतर घर विकून चौघा जुन्या मित्रांनी एकच मोठी कॅरव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घ्यावी का, असा प्रश्न आहे. माझं मत : एकच नको, आणि घर तर विकूच नका.

गेल्या हिवाळ्यात शाळेपासूनचे आम्ही तिघे मित्र बायकांसह भाड्याची कॅरव्हॅन घेऊन कोल्हापुरातून आजरा, आंबोलीमार्गे खाली कोकणात गेलो. आठ दिवस. रात्री गाडीबाहेर खुर्च्या टाकून पांढऱ्या रश्श्याचं पातेलं मध्ये ठेवून बसलो, ते सुख खरंच मोठं. पण सहा माणसांना पाणी दीड दिवस पुरायचं, आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करायला जागा शोधण्यात अर्धा दिवस जायचा. राज्याचं कॅरव्हॅन धोरण २०२१ मध्ये आलं, तरी वाटेत आम्हाला तशी सोय दिसली नाही.

अमेरिकेत कायम गाडीत राहणारे मित्र बहुधा आपापल्या गाड्या घेऊन मुक्कामाला एकत्र येतात. तिथं बऱ्याच सरकारी मोकळ्या जमिनींवर १४ दिवस फुकट राहता येतं.

हो, लायसन्सही बघा. पंचावन्न उलटल्यावर नूतनीकरण पाचच वर्षांचं होतं, वर डॉक्टरांचा दाखला लागतो.