एकट्याने मैफली भरवून घर चालतं का? (पुणे)

नवखा_आयोजक: शास्त्रीय गायनाच्या छोट्या, तिकीट लावून केलेल्या मैफली भरवायच्या आहेत. वर्षाला सहा. पाठीशी संस्था नाही. १८० खुर्च्यांचं सभागृह बघून ठेवलंय. नोकरी सोडण्याआधी हिशोब कसा मांडावा? परवाने कोणते?

खर्जातला_सा: आधी कागदावर मांडा. १८० पैकी २० खुर्च्या सन्मानिकांत (फुकट प्रवेशिकांत) जातात (कलाकारांचे घरचे, प्रायोजक). उरल्या १६०. त्यातल्या ९० विकल्या जातील असं धरा, १६० नव्हे. तिकीट ४००, म्हणजे ३६,०००.

खर्च समजा असा: गायक आणि दोन साथीदारांची बिदागी ३५,०००, सभागृह १२,०००, ध्वनी ८,०००, जाहिरात ४,०००, प्रवास-चहापाणी ३,०००. झाले ६२,०००. खड्डा २६,००० चा. आणि हाऊसफुल्ल झालं तरी ६४,००० च येतात, म्हणजे हातात २,०००! तिकिटातून पोट भरत नाही ते असं.

वार्षिक सभासद करा: १,८०० त सहा मैफली. ६० जण झाले तर १,०८,००० आधीच हातात येतात, सभागृहाची अनामत त्यातून निघते. पण हे ६० बहुतेक त्या ९० तलेच असतात आणि ४०० ऐवजी ३०० देतात, त्यामुळे खड्डा ३२,००० वर जातो. तो प्रायोजकाने भरायचा. सराफ, पतपेढी, बिल्डर यांच्याकडे दिवाळीच्या तोंडावर नको, गणपतीआधी जा. आणि एका मैफलीसाठी नाही, सहाही मैफलींसाठी मागा. सीएसआरच्या (कंपन्यांच्या सामाजिक कामासाठीच्या निधीच्या) आशेवर राहू नका, तो पैसा नोंदणीकृत न्यास किंवा तत्सम संस्थेलाच मिळतो.

नोकरी मात्र एवढ्यात सोडू नका. यात स्वतःचा पगार अजून धरलेलाच नाही.

पावती_फाडा: कराचं सांगतो. माणशी ५०० पर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ. नोंदणी लागू असेल तर ५०१ ला १८ टक्के, तोही सगळ्या रकमेवर. 'देणगी प्रवेशिका' छापून सुटका होत नाही, पैसे दिल्याशिवाय आत सोडत नसाल तर ते तिकीटच. १,८०० च्या पासाच्या पावतीवर मैफलनिहाय ३०० लिहा आणि ही मांडणी सीएला आधी दाखवा.

पारंपरिक बंदिशींना हक्काचा प्रश्न सहसा येत नाही. उत्तरार्धात नाट्यपद, भावगीत आलं की येतो. गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो: जुने नाटककार गो. ब. देवलांची पदं मोकळी, गदिमांची गीतं २०३७ अखेरपर्यंत हक्कात. अशा वेळी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना बघा. पीपीएल या दुसऱ्या संस्थेचा परवाना ध्वनिमुद्रित गाण्यांसाठी असतो, मध्यंतरात सीडी लावणार असाल तरच त्याचा विचार. पोलिसांचं काय लागतं ते सभागृहाच्या व्यवस्थापकालाच विचारा, त्यांना पाठ असतं. उघड्यावर करणार असाल तर रात्री १० ला ध्वनिवर्धक बंद.

साऊंडवाले_काका: ध्वनीत काटकसर केली की पहिल्या आलापातच कळतं. गायक एक, तबल्याला दोन, पेटीला एक, तंबोऱ्यांना दोन, निवेदनाला एक: सात माईक झाले. आठ चॅनेलचा मिक्सर तिथेच संपतो, १२ चा मागा. तंबोऱ्याला कंडेन्सर माईक लावत असाल तर मिक्सरवर ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (केबलमधूनच माईकला मिळणारी वीज) हवा, नाहीतर तो मुकाच.

मॉनिटर (कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून मंचावर ठेवलेले स्पीकर) दोन, गायक आणि तबलजी यांच्यासाठी वेगळे. गायकाने "अजून तंबोरा द्या" म्हटलं म्हणून मॉनिटर चढवत गेलात की शीळ सुरू होते. त्याऐवजी मॉनिटरमधला पेटीचा आवाज उतरवा. तंबोरा बहुतेक वेळा पेटीखालीच दबलेला असतो.

एसी प्रेक्षक आल्यावर लावू नका. वाद्यं मंचावर ठेवून तासभर आधी चालू करा. नाहीतर विलंबित ख्याल रंगात येताना तबला आणि तंबोऱ्याचा स्वर हलतो आणि तबला पुन्हा जुळवायला हातोडी निघते. गायकाची पट्टी (पेटीच्या कोणत्या सुरात 'सा' धरतो ते) आठवडाभर आधी विचारून तबलजींना कळवा, काळी एकचा तबला पांढरी चारला नेता येत नाही. रिकाम्या सभागृहात घुमतंय म्हणून मिक्सरवर वरचे स्वर (ट्रेबल) कापू नका. माणसं भरली की ते आपोआप कमी होतात.

नवखा_आयोजक: आभार सगळ्यांचे. बिदागी कधी द्यायची, आधी की नंतर?

खर्जातला_सा: तारीख पक्की करताना थोडी, उरलेली त्याच संध्याकाळी, पाकिटात किंवा खात्यात. साथीदारांची थेट साथीदारांना. आणि रक्कम, वेळ, रेकॉर्डिंगची परवानगी हे तिन्ही मेलवर लिहून घ्या. तिसरं सगळे विसरतात, मग यूट्यूबवरून वाद होतात.