आधी यूव्ही फिल्टर काढून बघा

लग्नाच्या फोटोंत दिव्यांमुळे हिरवट ठिपके येतात म्हणून तुम्ही विचारलंत, आणि कुणीतरी हूड (लेन्सच्या तोंडावर लावायचं आडोशाचं कडं) लावायला सांगितलं. तो सल्ला चुकीचा नाही, पण इथे त्याचा फारसा उपयोग नाही. हूड फ्रेमबाहेरून येणारा तिरपा प्रकाश अडवतो. तुमच्या लग्नाच्या फोटोंत तर स्टेजमागचे एलईडी दिवे थेट फ्रेममध्येच आहेत.

त्या हिरवट ठिपक्यांची जागा नीट पाहा. दिव्यापासून फोटोच्या मध्यातून सरळ रेघ ओढली, तर ठिपका पलीकडे तेवढ्याच अंतरावर, उलटा सापडतोय का? मग पहिला संशय लेन्सवरच्या यूव्ही फिल्टरवर, म्हणजे अतिनील किरण अडवायला पुढे लावलेल्या काचेवर. सेन्सरवरून (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवरून) परतलेला प्रकाश फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो. कोटिंग नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्के प्रकाश परावर्तित करतो. चांगलं मल्टिकोटिंग (परावर्तन कमी करणारे अनेक पातळ थर) असेल तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. डिजिटल सेन्सरला यूव्ही फिल्टरची तशी गरजही नसते, 'संरक्षण' म्हणून दुकानदार गळ्यात मारतात. हॉलमध्ये अक्षता सोडल्या तर लेन्सवर काय उडणार आहे?

ठिपके नसून सगळा फोटोच दुधाळ दिसत असेल तर बहुधा काचेवर बोटांचे ठसे आहेत, पुसून घ्या.

फिल्टर काढूनही ठिपके राहिले तर ते लेन्सच्या आतले. मग दोन पावलं सरकून दिवा कुणाच्या तरी डोक्याआड किंवा खांबाआड घ्यायचा. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/११ इतकं लहान करून ठिपके जात नाहीत, उलट त्यांच्या कडा जास्त ठळक होतात आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवावा लागतो तो वेगळाच.